ती गोळी बाळाला चालत होती

प्रिय केतू,

आज समीरला हानेदा विमानतळावर सोडून आले. तुझा नवरा कायमचा पुण्याला परत गेला गं. आता या देशात तुझ्याविषयी बोलायला मला कुणीच उरलं नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

मोझांबिकच्या शेतातली माती तपासायची केवढी हौस तुला! प्रोजेक्ट मंजूर झाला आणि तेव्हाच दिवस राहिले. तुमच्या त्सुकुबातल्या जपानी डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "शक्यतो जाऊ नका. मलेरिया गरोदर बाईला फार छळतो. जाणारच असाल तर दर आठवड्याला ही गोळी चुकवू नका. बाळाला ती चालते."

पहिल्याच गोळीने तुला चक्कर आली, उलट्या झाल्या. तू आईला फोन केलास. आई म्हणाली, "पोटुशी बाई, कसल्या गोळ्या खातेस? बंद कर बघू!"

आणि तू बंद केलीस! हे मला समीरने फार उशिरा सांगितलं. त्याला म्हणाली होतीस, "मी मच्छरदाणीत झोपेन. बाळाला काही झालं तर?" अगं, डॉक्टरबाईंना एकदा विचारायचंस तरी! त्यांनी दुसरा काही मार्ग काढला असता. एवढी शिकलेली तू, मातीच्या कणाकणाची परीक्षा घेणारी, आणि इथे कशी घाबरलीस?

परत आल्यावर ताप आला. फ्लूची साथ होती, क्लिनिकने फ्लूचं औषध दिलं. मोझांबिकचं त्यांनी विचारलं नाही, तूही बोलली नाहीस. बरळायला लागलीस तेव्हा समीरने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे मलेरिया निघाला. मी निशी-कसाईच्या माझ्या घरून धावत आले.

"ताई, बाळ हलत का नाही?"

काय सांगायचं होतं मी तुला? त्याचे ठोके केव्हाच थांबले होते. मग तूही गेलीस. तिथली नर्स वाकून वाकून माझी माफी मागत होती. तिचा काय दोष होता?

मागच्या आठवड्यात आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "केतूला मी बंद करायला सांगितल्या, त्या कसल्या गोळ्या होत्या गं?"

"लोहाच्या," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, आई."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग फोन ठेवला.

केतू, आईला खरं कधी सांगणार नाही, हे माझं वचन. आणि अशा देशात निघालेली कुणी पोटुशी भेटली, तर तिला सांगेन, गोळी सोसत नसेल तर डॉक्टरला विचार, पण मनाने सोडू नकोस. त्याने तू परत येणार नाहीस. तरीही सांगेन. याहून जास्त माझ्याने काही होणार नाही गं.

तुझी,
ताई