न्हाणीखालचा गोळा

१२ जाने. ५३, सोम.
सुमी आज परत न्हाणीच्या दगडावर झोपली. तेल लावून अंघोळीला बसवली तर पालथी पडली, गाल दगडाला लावला नि डोळे मिटले. दगड कोमट. पाणी अजून ओतलंच नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले ऊन लागलं असेल. न्हाणीला छप्पर आहे. ऊन कुठून लागतंय.

१४, बुध. संक्रांत
सुमीचं बोरन्हाण झालं. बोरं वेचायला गल्लीतली सगळी पोरं. राधाकाकू आलेली, माझं बाळंतपण तिनंच केलं. तिला दगडाचं बोलले तर हसली. म्हणाली, सुमी झाल्यावर तिची वार पुरायला ती तिथं खणत होती तेव्हा पहार कशावर तरी ठणकन लागली. नारळाएवढा गोळा, धातूचा. तिला वाटलं घराचा वास्तू पुरलाय. मग हळदकुंकू वाहिलं आणि वार त्याच्यावरच ठेवून माती लोटली.
"वास्तूच्या मांडीवर दिली गं पोर. बरंच झालं की."
हे दारात उभे होते. तोंड पांढरं पडलं. तिळाची वडी हातातच राहिली.

१५, गुरु.
कारखान्यातनं लवकर आले. जेवले नाहीत. मग सांगितलं, सगळं.
लढाई चालू होती तेव्हा नदीकाठी आभाळातून काहीतरी पडलं. हे नि थोरले भावजी बघायला धावले. हाच गोळा. भावजींनी दोन्ही हातांनी उचलला, तर त्यातनं उजेड आला नि ते आत ओढले जायला लागले. ह्यांनी सदरा धरला.
"दादा म्हणत होता, सोडू नको रे. मी भ्यालो."
हातात नुसता सदरा उरला. घरी सांगितलं, दादा मिलिटरीच्या लॉरीत बसून गेला. गोळा त्याच सदऱ्यात धरून घरी आणला नि न्हाणीखाली पुरला.
सासूबाई शेवटपर्यंत एक भाकरी जास्त थापायच्या. थोरला येईल म्हणायच्या. ती भाकरी ह्यांनी कधी खाल्ली नाही. मला वाटायचं शिळं आवडत नाही.
राग यायला पाहिजे होता. नाही आला. एका मांडीवर सुमी, एका मांडीवर ह्यांचं डोकं. बसून राहिले.

१७, शनि.
कारखान्यात मशीन जोडायला स्वीडन का कुठल्या देशाचा उंच साहेब आलाय. संध्याकाळी हातात पेटी घेऊन गल्लीत फिरत होता. आमच्या दाराशी पेटी कडकड वाजली. मी सुमीला कडेवर उचललं.
मोडक्या हिंदीत बोलला. त्याच्या मुलखात पण असा एक गोळा पडलेला. सरकारनं नेला नि फोडला. त्यात त्याची बहीण होती. इथलं पण वर कळलंय, सोमवारी मिलिटरीची गाडी येणार. जाताना सुमीच्या गालाला बोट लावून हळूच म्हणाला, "सोमवार से पहले निकालो।"

१८, रवि.
दुपारी दार लावून खणलं. वार पुरलेली जागा उकरली तर पोराला बाधतं म्हणतात. सुमीला घट्ट धरून होते. देवा सांभाळ.
वार नाही राहिलेली. गोळ्यावरची हळद मात्र काल वाहिल्यासारखी ओली.
हे हाका मारत होते, दादा, दादा. काही नाही. गळा बसला. मग सुमी आपली नेहमीसारखी हं-हं करायला लागली, तर आतनं पण हं-हं. पुरुषाचा आवाज. ह्यांनी भिंत धरली. म्हणाले दादाच तो.
सुमीनं हात पुढे केला तशी गोळ्याला उजेडाची फट पडली. मी तिला मागे ओढलं. फट मिटली. तिची वार त्याच्यावर होती, आता गोळा तिचंच ऐकतो, दुसऱ्या कुणाचं नाही.
मी म्हटलं नाही. माझं पोर नाही देणार.
"नको देऊ," हे म्हणाले. "एक माणूस घालवलंय मी." आणि फावडं उचललं, परत माती लोटायला.
तेवढ्यात आतनं आलं, अगदी लाडानं, पाळण्यातल्या पोरीला विचारतात तसं,
"कोणाची गं तू?"
सुमी खुदकन हसली.
फावडं मीच ह्यांच्या हातातनं काढून घेतलं.

१९, सोम. सकाळ
गाडी यायच्या आत भावजींना बाहेर काढायचं. सुमीला लुगड्यानं पोटाशी बांधलीय, दोन गाठी मारून. तिचा हात माझ्या हातात, फट पडली की दुसऱ्या हातानं भावजींना ओढायचं. ह्यांनी मागनं मला दोन्ही हातांनी कवळ घालायची. सांगितलंय, कापड नाही धरायचं, माणूस धरायचं. मान हलवली. एका हातानं लिहितेय. अक्षर बघा कसं आलंय.
राधाकाकूला काही सांगितलं नाही. आमचं काही झालं तर…
हे न्हाणीतनं हाक मारतायत.
चुलीवर भात ठेवलाय. एक मूठ तांदूळ जास्त टाकलेत.