सेवा करून जिरवीन

२ जून, संध्याकाळी

आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. हे सगळं कधी ठरलं ते नंतर आपलं आपल्याला आठवायला हवं.

झालं असं. आमच्या स्वयंसेवक ग्रुपच्या मॅडमनी वृद्धाश्रमाच्या कामाचा लीडर म्हणून लंबूला नेमलं. लंबूला. जो अगदी परवा ग्रुपमध्ये आला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आहे, ग्रुपचा टी-शर्ट विटला माझ्या अंगावर. मॅडम म्हणाल्या, तुझा उत्साह दांडगा आहे, पण लंबू माणसाचं ऐकून घेतो. ऐकून घेतो म्हणजे काय? कान सगळ्यांनाच असतात.

वर लंबूने मला स्वतःहून चहा पाजला. प्यायलो. पण मनातून नाही.

४ जून

प्लॅन तयार. चुगल्या, भांडण असलं हलकं काही करायचं नाही. फक्त सेवा. इतकी सेवा, की लंबूला करायला काही उरूच नये. तो हात चोळत बसेल आणि मॅडमचे डोळे उघडतील. उद्यापासून लवकर उठणे. रोज जाणे. चेहरा नम्र ठेवणे.

५ जून, सकाळी अकरा

उशिरा उठलो. पंखा आवाज करतो, त्याला मी काय करणार.

आई म्हणाली, मशीनमधले कपडे वाळत घाल. तिला समजावलं की मी आता समाजाचा आहे. ती म्हणाली, मग जेवायलाही समाजाकडेच जा. आईला सार्वजनिक जीवनाची दृष्टी नाही.

७ जून

पहिला विजय. लंबू दुपारनंतर येतो, मी जेवणं आटोपताच पोचलो. हॉलमध्ये सगळ्यांना पेपर वाचून दाखवला. एक आजोबा म्हणाले, तो मी सकाळीच वाचलाय. म्हटलं, माझ्या आवाजात ऐका. निधनवार्तांचं पानही सोडलं नाही. लंबू आला तेव्हा निम्मा हॉल झोपला होता, उरलेला उठून गेला होता. एक श्रोता मिळाला नाही पठ्ठ्याला. मग तो त्याच आजोबांची नखं कापत बसला. हार लपवायची ही एक पद्धत.

९ जून

आज नखं मी कापली. तीन जणांची. तिसरे ऐन वेळी हलले. थोडंसंच रक्त. नर्सने नेलकटर काढून घेतला. तिला लंबूने फितवलेलं दिसतंय.

१२ जून

शत्रूचं मर्मस्थान सापडलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी आहेत, जन्मभर शिवणकाम केलेल्या. लंबू रोज त्यांच्यापाशी बसतो. त्या बोलतात, हा मान हलवतो. एवढंच. या आजी आपल्या बाजूला आल्या, की लंबू संपला.

म्हणून आज आधी जाऊन बसलो. त्यांना माझं सगळं आयुष्य सांगितलं, बालवाडीपासून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मधेच विचारलं, लंबू आजारी आहे का रे? मुद्दाम उत्तर दिलं नाही.

१५ जून

आईचा गुडघा सुजलाय. डॉक्टरकडे नेशील का, म्हणाली. नेमकं आजच. आज आजींना लागलेली माझी सवय मोडू द्यायची नव्हती. शेवटी ती शेजारच्या काकूंबरोबर गेली. जाताना माझं ताट झाकून ठेवून गेली, हे जास्त लागलं. पण युद्धात घरच्यांकडे बघून चालत नाही.

१७ जून

उद्या मॅडम वृद्धाश्रमात येणार. मी आजींना व्हीलचेअरवर बागेत नेणार. मॅडमना फाटकातूनच दिसेल : झाडं, आजी, मागे मी. आजी नको म्हणाल्या, वारा सोसत नाही म्हणे. वयस्कर माणसं आधी नाहीच म्हणतात.

१८ जून, पलंगावरून

सविस्तर लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट होईल.

आजींना शाल गुंडाळून निघालो. दारापुढे उतार आहे. तेवढ्यात लांबून लंबू येताना दिसला, म्हणून वेग वाढवणं भाग होतं. आजींनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि मला थांबवलं.

"बाळा, तू कुणाचा सूड घेतोयस ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण खुर्चीत मी बसलेय."

मी म्हटलं, आजी, फक्त पाच मिनिटं. त्यांच्या हातून चौकट सुटली. मी पुढच्या बाजूने, उलटा चालत, खुर्ची तोलत उतरायला लागलो. मागे कुंडी होती. ती तिथे कोणी ठेवली याची चौकशी व्हायला हवी. मी कोसळलो. लंबूने धावत येऊन खुर्ची धरली. आजींना काही झालं नाही. माझा घोटा मोडला.

मॅडम फाटकातून आत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं : झाडं, आजी, मागे लंबू. मी कुंडीत.

२३ जून

प्लास्टर. आईला गुडघ्यामुळे माझं सगळं झेपत नाही. आज तिने मला न विचारता ग्रुपला फोन करून स्वयंसेवक मागवला. ज्याच्यासाठी स्वयंसेवक मागवतात, तो माणूस मी झालो. आणि आला कोण, तर लंबू.

त्याच्याशी बोलायचं नाही, ठरवलं होतं. त्यानेही बोलायला लावलं नाही. आधी आईचे कपडे वाळत घातले. मग बादली आणून, माझं डोकं पलंगाच्या कडेला घेऊन, केस धुतले. पाच दिवसांची खाज गेली. हात मऊ आहे चोराचा. मी सहज म्हटलं, आई त्या दिवशी माझ्याशिवायच गेली डॉक्टरकडे. मग पुढचंही बोलत गेलो. तो मान हलवत होता. डोळ्यांत साबण गेला. दुसरं काही नाही.

२४ जून

लंबू आला नाही.

मॅडमना फोन केला. कडक शब्दांत विचारणार होतो, प्रत्यक्षात आवाज बारीक निघाला. त्या म्हणाल्या, लंबू आता आजींना जास्त वेळ देतोय, त्या दिवसापासून त्या घाबरल्यात. तुला हवा असेल तर रांगेत नंबर लाव.

नंबर लावला.