पाण्याकडच्या दाराची किल्ली

प्रिय ओन्दिना,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "नीवेस, पुरे झालं आता, आमच्याकडे पेलेस्त्रीनाला ये राहायला," असं तू दर वर्षी लिहितेस आणि दर वर्षी मी गुडघ्यांची सबब पुढे करते. या वेळी खरं ते लिहायचं ठरवलंय, म्हणून उशीर झाला.

आपल्या घराचं हॉटेल होऊन सहा वर्षं झाली. अकरा खोल्या, सगळ्या चकचकीत. आपण झोपायचो त्या खोलीत रेशमी पडदे आलेत, छतावर रंगवलेले देवदूत पुन्हा गोबरे झालेत. घर विकताना आपल्या अल्विझेनं भावाचं कर्तव्य केलं म्हणे. वरची खोली मरेपर्यंत माझी, पण सलग महिनाभर बाहेर राहिले की हक्क संपला. बदल्यात रोज नाश्त्याला मोत्यांची माळ घालून खाली बसायचं आणि पाहुण्यांना घराण्याच्या गोष्टी सांगायच्या. मोतीही हॉटेलचे, बरं का! काल एकीनं विचारलं, "तुम्ही खरंच इथल्याच का?" म्हटलं, "अहो, मी या घराबाहेर एक रात्र काढलेली नाही." तिला वाटलं, काय भाग्य बाईचं! मी पाव तसाच ताटलीत ठेवला.

सगळ्यांना एकच गोष्ट आवडते. या घरातली बाई कालव्यावर उघडणाऱ्या पाण्याकडच्या दारानं दोनदाच बाहेर पडते, एकदा नवरी होऊन आणि एकदा शवपेटीतून. आता त्याच दारात दिवसभर पाहुण्यांच्या बॅगा उतरतात. मी मात्र अजून गल्लीकडच्या दारानंच भाजीला जाते. मॅनेजर कियारा मला चिडवते, "उघडंच आहे की दार, जा ना! कोण धरून ठेवतंय तुम्हाला?" तिला काय सांगू? त्या दाराशी गेलं की मला तुझं लग्न आठवतं.

त्या सकाळी तुझा नवरदेव तुल्लियो फुलं बांधलेली नाव घेऊन आला आणि किल्ली सापडेना. आई गेल्यापासून किल्ल्या माझ्याकडे. बाबा ओरडत होते, "नीवेस, आठव की, कुठे ठेवलीस?" जिल्दाआत्यानं तर पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला. खालून तुल्लियोचा जीव कासावीस, "अहो आटपा! पाणी चढतंय, नाव पुलाखालून जायची नाही!" शेवटी बिचारा रिकामी नाव घेऊन पुलापलीकडे गेला. तू पांढऱ्या झग्यात बंद दारासमोर उभी होतीस. मग झगा गोळा केलास, म्हणालीस, "हे दार नाही तर गल्लीचं," आणि ताडताड चालत चर्चला गेलीस. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. गल्लीतून गेलेली मुलगी माझी नाही, म्हणाले, आणि मरेपर्यंत तुला या घरात पाऊल टाकू दिलं नाही.

ओन्दिना, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. भरती-ओहोटीचा तक्ता स्वयंपाकघरात टांगलेला असायचा, तो मी आदल्या दिवशीच पाहून ठेवला होता. साडेदहानंतर पुलाखालून नाव जाणार नव्हती. वाटलं, लग्न आठवडाभर पुढे जाईल आणि तेवढे दिवस तू माझ्याजवळ राहशील. तुझ्यामागे बाबांपाशी मी एकटीच उरेन, या भीतीनं माझी मतीच फिरली होती. आपण पडलो पाण्याची माणसं. मी भरती बघितली, पण तू चालत जाशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला अडकवायला गेले आणि चव्वेचाळीस वर्षं मीच अडकून पडले. तुझ्या अंगणात येऊन कोणत्या तोंडानं बसणार होते?

किल्ली या पाकिटात घातलीय. कुलूप केव्हाच बदललं, पण ती तुझी आहे. खोली सोडतेय, असं कियाराला सांगून टाकलंय. बिचारी रडली. येत्या गुरुवारी सकाळी नऊला पाणी उतरलेलं असेल, साडेदहापर्यंत पूल मोकळा आहे. हे वाचूनही मी हवी असेन तर तुल्लियोला पाठव. एक पेटी घेऊन, मोती न घालता, मी पाण्याकडच्या दारात उभी असेन. नाव आली नाही तर तुला बोल लावणार नाही. वर मात्र परत जाणार नाही. तुझ्यासारखीच गल्लीकडच्या दारानं चालत निघेन.

आता या घराची नाही, तुझीच,
नीवेस