पिवळी हेटी

लीड्स, १९१७

विल्फ्रेड,

कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरून भरून माझं तोंड पिवळंजर्द झालंय. ट्राममध्ये शेजारी कुणी बसत नाही. तुझी आई रोज टोचते, "हे ध्यान बघून माझा पोरगा उलट्या पावली पळेल गं!"

काल तार आली. विषारी वायूनं तुझे डोळे गेले. ती धाय मोकलून रडली. माझ्या मनात मात्र आधी आलं, सुटले! मग स्वतःचीच शिसारी आली. तरी आज पुन्हा गोळे भरले. तेही कुणाचे तरी डोळे घेणारच.

हे पत्र धाडणार नाही. इस्पितळात नर्स ते तुला मोठ्यानं वाचून दाखवेल आणि अख्खा वॉर्ड कान टवकारेल. तू घरी ये. माझा चेहरा चाचपशील, तेव्हा बोटांना जुनीच हेटी लागेल. रंग मग मीच सांगेन. तुझ्या आईच्या आधी.

तुझीच,
हेटी