अंबाजी चालला

बंगळूर, १२ मार्च १९८७

तीर्थरूप अप्पांच्या पायी रेणुकेचा नमस्कार.

क्रम नीट ध्यानात घ्यावा. धाकट्या अंबाजीला कुत्रे चावले, त्याने लस घेतली, मग पाय लुळे पडले. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनते. त्यातल्यासारखेच एक प्रथिन आपल्याही मेंदूत असते. शरीर परक्यावर चालून गेले आणि बहुधा स्वतःच्याच प्रथिनावर घसरले, असा आम्हा डॉक्टरांचा कयास आहे. बिरोबा कोपल्याचे देवऋषीचे निदान निव्वळ अडाणी आहे.

राखणारा उरला नाही म्हणून आपण कळप विकायला काढल्याचे कळले. आज अंबाजी वॉर्डभर चालला. नर्सला हात लावू देईना. मला म्हणाला, "अक्का, अप्पाला म्हण, मेंढरं इकू नगा. म्याच यायलोय राखायला."

डावा पाय अजून किंचित ओढतो. आई जेवते ना?

कळप विकणार नाही, असे लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही.

आपली रेणुका