भांड्यांच्या खोलीची किल्ली

१२ मे

आज भांड्यांची खोली उघडली. लग्नसराई संपत आली आणि गावाची भांडी बाहेर पडली ती फक्त तेरवीला. लग्नं सगळी कोहमाऱ्याच्या लॉनवर. तिथे वाढणारी पोरं टाय बांधून फिरतात. टाय बांधून वाढली म्हणून वांग्याची भाजी काही चांगली लागत नाही.

चिंच आणि राख घेऊन बसले. मोठा गंज, शंभर पानांचा भात शिजतो ते पातेलं, एकटीला हलत नाही, तो जागेवरच पुसला. पराती, झारे, बादल्या उन्हात मांडल्या. प्रत्येकावर नाव कोरलेलं. कोणी बापाच्या आठवणीत दिलं, कोणी मुलगा झाला म्हणून, कोणी नवस फिटला म्हणून. एका कढईवर नुसतं 'गावासाठी'. देणाऱ्याने नाव घालू दिलं नाही, पण कोणी दिली ते सगळ्या गावाला ठाऊक. आमच्याकडे गुपित असंच ठेवतात.

हे असते तर म्हणाले असते, चिंच कमी लाव, पितळ झिजतं.

१५ मे

दारात कोणी नाही. दूधवाला धरत नाही.

२० मे

ज्योतीचा रायपूरहून फोन. पोरीचं एकच पालुपद. "आई, ऑगस्टमध्ये येच. गुडघा इथल्या डॉक्टरला दाखवू. आणि मग परत जाऊन करायचं काय? भांड्यांची राखण?"

राखण म्हणाली. बापाने जन्म घातला त्याला राखण.

जायला माझी ना नाही. घर खायला उठतं. पण किल्ली कोणाला द्यायची? ह्यांनी ती भर सभेत उठून मागितली होती. हे गेले तशी माझ्या कमरेला आली. कोणी दिली नाही, कोणी परत मागितलीही नाही. ह्यांचं म्हणणं, गावाची किल्ली कोणाच्या गळ्यात बांधायची नसते, मागणाऱ्याला द्यायची. बरं. मागणारा तर दिसू दे.

२७ मे

एक जण आला! बापाची तेरवी आहे, भांडी पाहिजेत. खूप दिवसांनी विचारलं, "किती पानं?"

"असतीन शंभरेक, बाई."

"अंदाज नको. एकेक दार आठव आणि सांग."

हे ह्यांचंच वाक्य. बिचारा डोळे मिटून उभा राहिला, ओठ हलत होते, बोटं पेरांवर. पाराजवळून निघाला असेल, मग देऊळ, मग खालची आळी. माणूस असा उभा राहिला की अख्खं गाव त्याच्या तोंडावरून चालत जातं. मला तेवढंच बघायला आवडतं. बाकी ओझं उचलणंच आहे.

२ जून

ग्रामसभा. सरपंच प्रणय, पोरगा चांगला, नम्र, बोलताना हात मागे बांधतो. म्हणाला, भांड्यांच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करू, भांडी कुठे तरी हलवू. लॉनवाला बाकं दानात देतोय, फक्त त्याचा बोर्ड लावायचा. मी उभी राहिले खरी, पण अभ्यासिकेला नको कसं म्हणणार? जन्मभर पोरांना अभ्यासाला बसा म्हणत आले.

एवढंच म्हटलं, "मी आता रायपूरला जायची आहे. भांडी कोण पाहील?"

सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

मी म्हटलं, ज्याला वाटेल त्याने घरी या.

५ जून

तीन दिवस चहाची साखर काढून ठेवली. आज परत डब्यात ओतली.

९ जून

सुनीता आली. नाल्यापलीकडच्या टोलीवरची, त्या वस्तीतली, आता बचत गटाची अध्यक्ष. माझ्याकडे चौथीपर्यंत होती. तेव्हाही उत्तर येवो न येवो, हात वर. मला वाटलं, आली बाई किल्ली मागायला. जीव हलका झाला.

किल्ली नाही, भाडं.

"फुकटची वस्तू कोनी जपत नाही, बाई. भाडं लावा. भांडी बी राहतीन अन् गटाच्या बायाइले काम बी भेटन. आमी सैपाक करून देऊ."

मी भडकले. म्हटलं, दान दिलेल्या भांड्याचं भाडं घ्यायचं तर आधी त्यावरचं नाव खरवडून काढ.

"देनारे मेले जी. घेनारे जित्ते आहेत."

आणि उठून गेली. मी चहाचंही विचारलं नाही.

१० जून

माझंच बरोबर आहे.

११ जून

बरोबर असून काय करायचं? एकटीनेच बरोबर असायचं का?

६ जुलै

धानाची रोवणी सुरू. सगळं गाव बांधीत, चिखलात. दुपारी रस्त्यावर माणूस नाही. रेडिओ लावला, बंद केला. खोली उघडून बसले थोडा वेळ. भांड्यांशी बोलत नाही मी अजून, पण कधी बोलू लागेन याचा भरवसा नाही.

एकटं वाटतं. लिहून टाकलं.

४ ऑगस्ट

कोहमाऱ्याहून रायपूरची बस. ज्योती उतरवून घेणार. किल्ली पर्समध्ये. निघताना प्रणय भेटला, म्हणाला, "बाई, किल्ली ग्रामपंचायतीत ठेवून जाता का?" म्हटलं, तुला पाहिजे का? म्हणाला, "मला म्हणजे... ऑफिसात ठेवू."

ऑफिसला काय पानं मोजता येतात? दिली नाही.

९ ऑगस्ट, रायपूर

सातवा मजला. ज्योती आणि जावई सकाळी जातात, नात शाळेत. नात विचारते, "नानी, आपके गाँव में मॉल है क्या?" म्हटलं, आहे, पण तिथे सगळं फुकट मिळतं. तिला खरं वाटलं.

समोरच्या दाराची बाई लिफ्टमध्ये हसते. नाव माहीत नाही. मीही हसते.

डॉक्टर म्हणाला, वजन उचलू नका. कोणाचं, ते सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट

इथे झेंडावंदन गच्चीवर. लाडूचं पाकीट दिलं आणि सगळे पांगले. पाकीट बंदच आहे.

१९ ऑगस्ट

दोन दिवस मुसळधार. तिकडेही. सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो. हायवेवर नाल्याचं पाणी चढलं, बसगाड्या, ट्रक सगळे अडकून पडलेले. आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली चूल, चुलीवर आमचा मोठा गंज.

आधी वाटलं दुसरा कोणाचा असेल. मोठा करून पाहिला. काठाला पोचा आहे तो ह्यांच्या हातून पडून झालेला. आमचाच.

किल्ली माझ्या पर्समध्ये. परत परत पाहिली. आहे.

दुसरा फोटो. टोलीच्या बाया भात वाढताहेत, सुनीता पदर खोचून, प्रणय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादली घेऊन. सरदारजी ड्रायव्हर, बुरख्यातली बाई, कडेवरची पोरं, सगळी एका रांगेत. मागे चिखलात बसून जेवणारा माणूस ओळखला. लॉनवाला! त्याला वाढणाऱ्यांना टाय नव्हते.

मला कोणाचा फोन नाही. आदल्या दिवसापासून फोन उशाशीच होता.

ज्योतीला फोटो दाखवला. "अरे वा, आई, मस्त!" म्हणाली. मस्तच आहे. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

२३ ऑगस्ट

परत आले. ज्योती नाराज. म्हटलं, पितरं झाली की येते.

खोलीला दुसरंच कुलूप. जुन्याचा तुटका तुकडा उंबऱ्यात पडलेला, तो उचलून घरी आणला. खिडकीतून पाहिलं. भांडी घासून उपडी घातलेली, पण सगळी भलत्या जागी. पराती झाऱ्यांच्या जागी, झारे कुठल्या कुठे.

चांगली घासलीत. माझ्यापेक्षा चांगली. चिंच जास्त लावली असणार.

२४ ऑगस्ट

सुनीता स्वतःहून आली. दारातच बोलली.

"कुलूप मीच तोडलं, बाई. नवं आमच्या गटाचं आहे."

"मला फोन का नाही केलास?"

"केला असता तं तुमी म्हटलं असतं, थांब, मी येते. लेकरं भुकी होती. थांबाले वेळ कोठी होता?"

म्हटलं असतं. अगदी हेच म्हटलं असतं. आत ये म्हटलं.

मग तिने सगळं सांगितलं. भांडी भिंतीवर फळ्या ठोकून वर चढवायची, खाली अभ्यासिका. बाकं लॉनवाल्याचीच, पण बोर्ड नाही, तो स्वतःच नको म्हणाला. आणि तिचा नवा कायदा: "लग्नाले भाडं, मरनाले फुकट. अन् रस्त्यावर कोनी अडकला तं फुकट." मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही याचा राग आला, तिचा नाही.

या वेळी तिने वर्गातल्यासारखा हात वर केला नव्हता. सरळ उठून, खडू घेऊन काळ्या फळ्याशी गेली होती.

चहा केला. दोघींनी प्यायला. किल्ली तिने मागितली नाही, तिला लागतच नाही.

२५ ऑगस्ट

जे पाहिजे होतं ते झालं. किल्ली सांभाळणारं माणूस मिळालं. मग मला आनंद का होत नाही? मी नसताना झालं म्हणून. मी असते तर झालं नसतं म्हणून. दोन्ही खरं.

जुनी किल्ली अजून कमरेला. कशालाच लागत नाही. सवय आहे.

७ सप्टेंबर

ज्योतीचा फोन. तिकडे खोली तयार केली आहे, खिडकीला जाळी बसवली. पितरं झाल्यावर बघू म्हटलं. "बघू नाही, ये." बरं.

आज खोलीवरून गेले. आत पोरं वाचत होती, डोक्यावर फळ्यांवर गंज आणि कढया. एकाने वर पाहून 'गावासाठी' वाचलं आणि परत पुस्तकात डोकं घातलं. मी आत गेले नाही. माझ्याकडे काम काय होतं?

१५ सप्टेंबर

ठरवलं. जायचंच असेल तर गावाला जेवण घालून जायचं. ह्यांचं पित्तरही त्यातच. आयुष्यभर लोकांना भांडी दिली, आपल्या घरी कधी मोठा गंज चढला नाही. ज्योतीचं लग्न तर रायपूरलाच झालं, ह्यांची तेरवीही तिच्याकडेच.

१६ सप्टेंबर

टोलीवर गेले. गुडघा दुखला. सुनीता अंगणात धान पाखडत होती. उभी राहिले तिच्या दारात, माझ्या दारात लोक उभे राहायचे तशी.

म्हटलं, "मोठा गंज पाहिजे होता."

"कायले, बाई? लग्न का मरन?"

"दोन्ही नाही. मी चालले रायपूरला. जेवण घालते म्हटलं."

सूप खाली ठेवलं. मला वाटलं, नका जाऊ म्हणेल. तिने पदराला हात पुसले.

"किती पानं?"

तोंडात आलं होतं, असतीन शंभरेक.

"अंदाज नको, बाई," ती म्हणाली. "एकेक दार आठवा."

कुठून शिकली ती हे? तेरवीला भांडी न्यायला बापाबरोबर यायची लहानपणी, कोपऱ्यात उभी असायची. तेव्हाच.

"उद्या सांगते" म्हणून परत आले.

१७ सप्टेंबर

ओट्यावर बसले आहे. डोळे मिटले, पाराजवळून सुरुवात केली. पहिलं दार, ते पुण्याला, कुलूप. दुसरं, म्हातारा एकटा, तो येईल. तिसऱ्या घराशी बोलणं नाही, त्यांना काय सांगू? जाऊन सांगावं लागेल. मलाच जावं लागेल.

देवळापर्यंतही पोचले नाही अजून. ज्योतीचा फोन वाजतोय. वाजू दे, मी दारं मोजते आहे.