ओसरीवरचा प्लग

रविवार, संध्याकाळ

हाताला अजून मेथीचा वास येतोय. नवी गाडी हिंगणघाटहून आर्वीला आईकडे जाऊन एका चार्जमध्ये परत येते, तरी आज वाटेत रोहण्याला थांबलेच. कुसुमकाकूंना गाडी दाखवायची होती. की नुसतं मिरवायचं होतं?

जुनी इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा त्यांच्याच दारात बंद पडली होती. ओळख ना पाळख, तरी त्यांनी ओसरीवरचा प्लग दिला. मग दर खेपेला चार्जिंग तिथेच. गाडी भरेपर्यंत मी काकूंसोबत बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची. त्या गाडीची बॅटरी एवढीशी होती, म्हणून तर काकू मिळाल्या.

आणि आज नवीच्या कौतुकात सांगून बसले, "काकू, आता वाटेत थांबायची गरजच नाई."

"बरं झालं बाई, तुहा तरास वाचला," म्हणाल्या आणि एकट्याच जुड्या बांधू लागल्या.

काय बोलून गेले मी! डिकीतून वायर काढली आणि त्याच प्लगात लावली.

"भरेल हाये ना गाडी? मंग काऊन लावून राह्यली?"

"मेथी बाकी आहे ना, काकू."

"मंग भरू दे हळूहळू," म्हणत त्यांनी अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.